येळवशीच्या भगुण्याची तहकीकात

"माणसाचा चेहरा म्हंजे तिकीट असतंय, जावईबापू. ते हातात हाय का न्हाई, हे कंडक्टरलाबी कळतंय. खरं हाय का खोटं, ते मातर फकस्त मला कळतंय."

रामलिंगअप्पा स्वतःची ओळख अशी करून द्यायचे. नवख्याला तर द्यायचेच, पण जन्मभर ओळखणाऱ्यालाही अधूनमधून द्यायचे, उगीच विसरायला नको म्हणून. लातूर, औसा, उदगीर, देवणी या सगळ्या पट्ट्यात आपल्यासारखा गुप्तहेर झाला नाही आणि होणार नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पहिल्या भागाशी त्यांची मंडळी महानंदाबाईही सहमत होती. दुसरा भाग तरी खरा ठरो, म्हणून ती देवाला साकडं घालायची.

अप्पांची हयात एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून गेली. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात, नाहीतर बायकोच्या वरणात मीठ कमी असल्याचं सांगत बसतात. अप्पांनी यातलं तिसरं काम चालू ठेवून वर गुप्तहेरी सुरू केली. औशाच्या गाडीत एका बाईच्या पिशवीत कोंबडा आहे, हे त्यांनी एकेकाळी नुसत्या नजरेनं ओळखलं होतं. "बाईचा चेहरा शांत हुता," ते सांगायचे, "पिशवीचा न्हवता." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा डॉक्टरांनी आठवडाभर घालायला सांगितला होता. त्याला आता दोन वर्षं झाली. त्या चष्म्यातून अप्पांना दुपारही संध्याकाळसारखी दिसायची, पण गुप्तहेराला अंधारात काम करायची सवय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

अशा गुप्तहेराला मदतनीस लागतो. तो मान जावयाला मिळाला.

शिवकुमार नांदेडला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. माणूस सरळ. अवघडातलं अवघड उदाहरण फळ्यावर सोडवील, पण सासऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे काही त्याला लग्नाला चार वर्षं होऊनही सुटलं नव्हतं. त्यामुळे सणावाराला उदगीरला आला, की त्याच्या गळ्यात एखादी तरी केस पडायचीच. मागच्या दिवाळीत अप्पांची चप्पल चोरीला गेली होती. दोघांनी सगळी गल्ली पालथी घातली. शेवटी चप्पल अप्पांच्याच पायात सापडली, आणि "मुद्देमाल हस्तगत" म्हणून अप्पांनी शिवकुमारला पेढा दिला.

यंदा मात्र शिवकुमार जीव मुठीत धरून आला होता. कारण यंदाच्या येळवशीवर त्याच्या बायकोचं दुकान टांगलेलं होतं.

मंजुश्री अप्पांची एकुलती एक लेक. नांदेडला क्लासेसच्या गल्लीत हजारो पोरंपोरी राहतात आणि दोन वेळा वडापाव खाऊन डॉक्टर व्हायची स्वप्नं बघतात. त्यांच्यासाठी साध्या, ताज्या सॅलडचं दुकान टाकायचं, असं तिनं मनावर घेतलं होतं. त्याच गल्लीच्या तोंडाशी तिच्या थोरल्या काकांचा, म्हणजे बसवंतकाकांचा, एक गाळा रिकामा होता. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस तो मागत होता. काकांनी पुतणीला एवढंच सांगितलं होतं, "येळवशीला करून आण. खाऊन बगतो. संध्याकाळी सांगतो."

बसवंतकाकांची उदगीरला डाळमिल. सगळ्या आडत बाजारात त्यांच्या दाताचा दरारा. पोत्यातला तुरीचा दाणा उचलायचा, दाढेखाली धरायचा, कट्ट करून फोडायचा आणि ओल किती आहे ते सांगायचं. मशीन नंतर तेच सांगायचं. बोलणं मोजकं. ते एकदा नाही म्हणाले, की व्यापारी दुसऱ्यांदा विचारत नसत. मंजुश्रीनं त्या सॅलडसाठी पंधरा दिवस रोज पास्ता उकडला होता. शिवकुमारनं पंधरा दिवस रोज तो खाल्ला होता. सोळाव्या दिवशी त्याच्या तोंडून "आज भाकरी मिळंल का?" असं निघून गेलं, आणि त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळा मुलूख शेतात असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकाची आंबील यांच्यावर आडवा हात मारायचा. अप्पांचं शेत देवणीच्या रस्त्याला. सकाळी सगळं कुटुंब छोट्या टेम्पोत बसलं आणि तिथूनच ग्रह फिरले.

पहिला ग्रह अप्पांच्या रूपानं फिरला. सॅलडच्या डब्याचं रक्षण करायचं म्हणून ते डब्यावरच बसले. पहिल्या खड्ड्यात झाकणाचे दोन तुकडे झाले.

"अप्पा!" मंजुश्री किंचाळली.

"घाबरू नको. आतला माल शाबूत हाय. झाकणानं बलिदान दिलं."

दुसरा ग्रह ओढ्यात. टेम्पो रुतला, सगळे उतरले, शिवकुमारनं नवीन पँटसकट ढकलला. तिसरा ग्रह शेतात पोचल्यावर कळला. भज्जीची कढई होती, आंबिलीचं मातीचं बिंदगं होतं, पापडांची पाटी होती, बसायला सतरंजी होती, पण काडेपेटी नव्हती. एवढ्या मोठ्या पूजेला दिवा लावायचा कशानं? जावई तरुण, जावई चपळ, म्हणून जावयाला वस्तीवर पाठवलं.

शिवकुमार काडेपेटी घेऊन आला, दिवा लागला, आरती झाली, आणि तो घाम पुसतो न पुसतो तोवर मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला पुन्हा टेम्पोकडे पिटाळलं, खिरीचा डबा तिथंच राहिला म्हणून. तो डबा घेऊन परतला तेव्हा चर शिंपूनही झाला होता.

चर म्हणजे नैवेद्यातलं सगळं थोडं थोडं आंबिलीत कालवायचं आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं ते "ओलगे ओलगे सालम पोलगे" अशी वाडवडिलांपासूनची आरोळी ठोकत शेताच्या चारी बांधांनी शिंपडायचं. आपण जेवायच्या आधी काळ्या आईला जेवू घालायचं, अशी रीत. शेत अप्पांचं, म्हणून हा मान गेली कित्येक वर्षं त्यांचाच. अंगावर घोंगडी, डोळ्यावर काळा चष्मा आणि हातात भगुणं, म्हणजे पातेलं, अशा थाटात ते फेरी मारून आले होते आणि आता हात धुऊन पंगतीत बसले होते.

पंगत बसली. अप्पांची आई बसम्मा, जिला सगळे अव्वा म्हणत, ती सगळ्यांना भज्जी वाढत होती. मंजुश्री उठून कोपीत गेली. डब्याचं झाकण फुटल्यावर तिनं सॅलड एका भगुण्यात काढून, ओल्या पंच्यानं झाकून, गारव्याला पांडवांच्या मागच्या कोपऱ्यात, चराच्या भगुण्याशेजारी ठेवलं होतं. उकडून गार केलेला स्क्रूसारखा पीळदार पास्ता, काकडी, टमाटा, गाजर, मक्याचे दाणे, डाळिंब, आणि वर घट्ट दह्यात मिरपूड, ठेचलेला लसूण नि कोथिंबीर. पिठाच्या वळ्यांच्या शेंगुळ्यांसारखा दिसतो, म्हणून अव्वा त्याला इंग्रजी शेंगुळे म्हणायची.

मंजुश्री कोपीतून बाहेर आली ती मोकळ्या हातानं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो," ती शिवकुमारच्या कानाशी आली, "सॅलड नाही तिथं."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. चराचं भगुणं आहे तिथंच. माझं गेलं."

शिवकुमारनं हातातला उंडा ताटात खाली ठेवला. समोर बसवंतकाका शांतपणे भाकरी चुरत होते. त्यांनी मान वर केली. "पोरी, ते तुझं कुठाय? मी पोटात जागा ठिऊन खाऊन राहिलोय."

उत्तर कुणी द्यायच्या आत अप्पा पंगतीतून ताडकन उठले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली, तो ताटावर असताना आला होता.

"कुनी हालू नका," ते म्हणाले. "ही चोरी हाय."

"बसा खाली," मामी, म्हणजे अप्पांच्या मंडळी महानंदाबाई, म्हणाल्या. "भज्जी गार होऊन राहिलीय."

"महानंदा, गुन्हा गरम हाय तवर तपासावा लागतो. जावईबापू, चला."

शिवकुमारनं आशेनं भज्जीकडे एकदा बघितलं आणि तो उठला. अप्पांनी कोपीत जाऊन जमिनीला डोळा लावला. काळ्या चष्म्यातून काही दिसेना, म्हणून मग नाक लावलं. "लसनाचा वास येतोय," ते म्हणाले. "चोरानं लसूण खाल्ल्याला हाय."

"मामा, सॅलडमध्येच लसूण होता."

"म्हंजे त्यानं ते खाल्लं. बगा, एक एक कडी जुळत चाललीय."

तेवढ्यात महानंदाबाईंनी बोअरच्या हौदाजवळून आवाज दिला. धुतलेल्या भांड्यांत एक भगुणं पालथं पडलं होतं. मंजुश्रीनं ते उचलून बघितलं. कडेला तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं. "हेच माझं," ती म्हणाली आणि तिथंच दगडावर बसली. भगुणं लख्ख धुतलेलं होतं. पास्त्याचा एक पीळही राहिला नव्हता.

अप्पांनी ते भगुणं दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरलं. "नीट बगा जावईबापू. चोरानं खाल्लं, आन वर भांडं धुऊन पालथं घातलं. यावरनं काय कळतं?"

"काय?"

"चोर घरंदाज हाय. आन चोरी कवा झाली तेबी कळलं. चर शिंपून आल्यावर मी सोताच एक भगुणं हितं धुऊन पालथं घातलं. तवा हितं दुसरं एकबी भगुणं न्हवतं, हे मी पांडवांची आन घिऊन सांगतो. म्हंजे चोरी त्याच्यानंतरच झाली!"

शिवकुमारच्या डोक्यात काहीतरी खटकलं. बेरीज चुकली की त्याला असंच खटकायचं. एक भगुणं धुतलेलं इथं, एक भरलेलं तिथं. "मामा, पण मग तुम्ही धुतलेलं..."

"पन-बिन नंतर. संशयित यायलाय."

बांधावरून शेजारचा भुजंग येत होता. येळवशीला वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात, आणि भुजंगनं सकाळपासून बऱ्याच जणांना आपला हात धरू दिला असावा. पोट पुढे होतं आणि मिशा पांढऱ्या होत्या.

"मिशीला काय लागलंय?" अप्पांनी विचारलं.

"आंबील."

"कुनाची?"

"आता ते कसं सांगू अप्पा? सकाळधरनं सात कोपी झाल्या. मी तुमाला आमच्याकडं बलवायला आलतो."

"आमच्या कोपीत कवा शिरलास?"

"अजून कुठं शिरलो? तुमी शिरू देऊन राहिलात का?" भुजंग वैतागला. "आन माझा बैल आज तुमच्या बांधाकडंच वढ घेतोय. दावं तोडून निगालाय. त्याला आदी बांधून येऊ का, मग काय इचारायचं ते इचारा?"

"तपासात बैल आनू नको!" अप्पा गरजले. "विषय बदलणं ही गुन्हेगाराची पहिली खूण."

अव्वानं तोवर भुजंगच्या हातात खिरीची वाटी दिली आणि संशयित मांडी घालून जेवायला बसला. शिवकुमार त्याच्याकडे हेव्यानं बघत राहिला.

पहिला तर्क असा खिरीत बुडाला. दुसरा तर्क मोठा होता. मोबाइल कव्हरवाल्यानं गाळ्यासाठी नांदेडहून माणूस पेरला आहे, ही आंतरजिल्हा टोळी आहे आणि तिचे धागेदोरे पार तेलंगणात गेलेले असू शकतात, असं अप्पांनी जाहीर केलं. पण गाव सोडून इतक्या आत, ओढा ओलांडून, एक वाटी दह्यातला पास्ता खायला टोळी येईल का, असं मामींनी विचारल्यावर टोळीही बारगळली. मग अप्पांनी बारीक डोळे करून मामींकडेच पाहिलं.

"महानंदा, तू काल म्हनली हुतीस, असलं पांचट मी तोंडात घालणार न्हाई."

"म्हणले हुते."

"मग?"

"मग घातलं न्हाई. तेच तर सांगून राहिले. आता तुमी हितनं हालता का मी पळी आणू?"

अप्पा हलले. तपासात काही दिशा बंद ठेवाव्या लागतात, असं ते शिवकुमारच्या कानात म्हणाले.

इकडे पंगत उठली. बसवंतकाकांनी हात धुतला, सुपारी फोडली आणि मंजुश्रीला जवळ बोलावलं. आवाज कडक नव्हता, पण गोडही नव्हता. "पोरी, राग मानू नको. पन ज्या दुकानदाराचा माल गिऱ्हाईक बसल्यावर गायब हुतो, त्याला गाळा कसा द्यावा? त्या कव्हरवाल्याला मी आज संध्याकाळी फोन करतो म्हनलोय."

"पुन्हा करून आणते की काका. उद्या आणते."

"सांगितलं त्या दिवशी आनलं, त्याला माल म्हनायचं." काका उठले आणि हरभरा बघायला बांधाकडे चालू लागले.

शिवकुमारला मंजुश्रीचा तो गप्प चेहरा बघवेना. रागावली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पंधरा दिवस ही बाई पहाटे उठून पाणी किती, मीठ किती, दही किती बघत होती, आणि आपण तिला एका भाकरीवरून दुखावलं, हे आठवून त्याला स्वतःचा मनापासून राग आला.

आणि नेमकं तेव्हाच अप्पांचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. पन तुमच्या चेहऱ्यावर मला गुन्हा दिसून राहिलाय."

"माझ्या?"

"सगळ्यांना तपासलं. राहिलं कोन? मदतनीस. ज्याच्यावर कुनी संशय घेत न्हाई तोच! पंधरा दिवस तुमी ते खाऊन बेजार झालता. आज परत खावं लागंल या भीतीनं तुमी त्याची विल्हेवाट लावली. कबूल?"

"मामा, मी तर काडेपेटी आणायला गेलतो!"

"दोनदा गेलता. एकदा काडेपेटी, एकदा खीर. एवढं कुनी कामून धावतंय? सबूत नष्ट करायलाच!"

शिवकुमार हसणार होता. पण त्यानं मंजुश्रीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि हसत नव्हती.

"तुम्ही म्हणला होतात," ती हळूच म्हणाली, "आज भाकरी मिळंल का म्हणून."

"अगं, म्हणून काय मी... मंजू, तुझी शपथ! मी आणखी महिनाभर खाईन. रोज खाईन. डब्यात नेईन!"

"खरं?"

"खरं. पण मी नाही घेतलं गं."

तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि तिनं मान वळवली. शिवकुमारला सासऱ्याची मान पिरगाळावीशी वाटली. मघाशी डोक्यात खटकलेली ती भगुण्यांची बेरीज या आरोपापायी कुठल्या कुठे पळाली होती. आता आठवायचं म्हटलं तरी आठवेना.

तेवढ्यात बांधाकडून हाक आली. बसवंतकाकांची. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडत होता.

"रामलिंग! आरं ए रामलिंग! हरभऱ्यात अळी पडली!"

अळी म्हटल्यावर येळवस, चोरी, रुसवेफुगवे सगळं बाजूला राहिलं. सगळे धावले. भुजंग खिरीची वाटी टाकून धावला, कारण त्याचाही हरभरा शेजारीच होता. काका बांधावर गुडघे टेकून बसले होते. हरभऱ्याच्या एका डहाळीकडे ते बोट दाखवत होते.

"घाटेअळी हिरवी असती. ही बगा, पांढरी. अंगाला पीळ हाय. फुगून टम्म झालीय. आन एकच न्हाई. सगळ्या बांधानं पसरलीय. चारी बाजूनं घेरलंय शेत!"

"औषध कंचं मारावं?" भुजंगच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

अप्पांनी दीर्घ श्वास घेतला. "आता समदं उजेडात आलं. आदी खाण्यावर हल्ला, मग पिकावर. ही साधी टोळी न्हाई. हे परदेशातनं..."

"हालती का?" अव्वानं विचारलं. ती काठी टेकत मागून आली होती.

"न्हाई, अव्वा."

"मेल्याली असंल."

"एवढ्या एकदम कशा मरतील?"

मंजुश्री पुढे झाली. वाकली. तिनं ती अळी डहाळीवरून अलगद उचलली, तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "ही अळी नाही. हा माझा पास्ता आहे."

मग एकेकाची नजर बांधाबरोबर फिरत गेली. हरभऱ्यावर, तुरीच्या बुडाशी, ज्वारीच्या पानांच्या बेचक्यात, जिकडं बघावं तिकडं पांढरे पीळ. मधे मधे डाळिंबाचे लाल दाणे. काकडीचा एक तुकडा भुजंगच्या बैलाच्या ओठाला चिकटलेला. बैल अतिशय समाधानी दिसत होता.

महानंदाबाई माघारी वळल्या. कोपीत गेल्या. पांडवांमागचं भगुणं उचलून आणलं, सगळ्यांसमोर ठेवलं आणि वरचा पंचा काढला. आंबील, भज्जी, उंडे, भाकरी, सगळं कालवलेलं. काठोकाठ भरलेलं.

"हा चर," त्या म्हणाल्या. "जसा अव्वानं कालवला तसाच. आता सांगा, सकाळी घोंगडी पांघरून, बोंबलत, चार बांध फिरून तुमी काय शिंपून आलात?"

अप्पांनी काळा चष्मा काढला. बऱ्याच दिवसांनी काढल्यामुळे उन्हानं त्यांचे डोळे मिचमिचले. "मला वाटलं," ते म्हणाले, "यंदा अव्वानं शेंगुळे घातलेत."

"हाताला लागलं न्हाई?"

"लागलं की. मऊ लागलं. मी मनात म्हनलं, चर लई झकास झालाय यंदा."

शिवकुमारला ती बेरीज आत्ता आठवली. पण आता तिचा काही उपयोग नव्हता.

"म्हंजे," अप्पांनी छाती पुढे काढायचा प्रयत्न केला, "एका अर्थी, गुन्हेगार शोधून काढला म्हनायचा..." आणि त्यांची नजर लेकीवर गेली. ती हातातल्या त्या एका पिळाकडे बघत उभी होती. अप्पांची छाती होती तिथं खाली बसली. "पोरी," ते म्हणाले. कंडक्टर, ड्रायव्हर, डेपो मॅनेजर, कुणापुढे कधी न अडकलेली जीभ लेकीपुढे अडकली. "माझ्यामुळं झालं गं तुझं."

"राहू द्या अप्पा," मंजुश्री म्हणाली. "भुईला तर मिळालं."

या सगळ्या गोंधळात बसवंतकाकांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांच्या हातात मघाशी डहाळीवरून उचललेली दुसरी एक अळी होती. बोटांत दाणा आला की तो दाढेखाली जायचाच, ही जन्माची सवय. आणि ती गेली. काकांनी चावलं. थांबले. पुन्हा चावलं. कपाळाला आठी पडली.

शिवकुमारनं नकळत मंजुश्रीचा हात धरला आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

"शिजलंय बरोबर," काका अखेर म्हणाले. "आत कच्चं न्हाई, भाईर गाळ न्हाई." ते जरा थांबले. "आंबट कशानं आलंय?"

"दह्यानं काका."

"दह्याचं न्हाई हे." त्यांनी पुढच्या डहाळीवरचा आणखी एक पीळ उचलला, तोंडात टाकला. "हरभऱ्याची आंब लागलीय ह्याला. पानावरची. पोरी, झक मारतंय की दही ह्याच्यापुढं!" आणि ते तिसऱ्या डहाळीकडे वळले.

मग जे झालं, ते भुजंग अजून देवणीच्या बाजारात सांगतो. उदगीरच्या आडत बाजारातला सगळ्यात भारदस्त व्यापारी धोतराचा सोगा हातात धरून बांधानं वाकत वाकत चालला होता आणि हरभऱ्यावरचा पास्ता वेचून खात होता. मातीवरचे पीळ नाही, फक्त पानावरचे. निवडीत तो माणूस कच्चा नव्हता. त्याच्या मागं अव्वानं अप्पांना पिटाळलं होतं, खरा चर घेऊन, चष्म्याशिवाय, कारण काळ्या आईचा मान राहूनच गेला होता. पुढं थोरला भाऊ वेचतोय आणि मागनं धाकटा "ओलगे ओलगे सालम पोलगे" करत शिंपतोय, अशी ती वरात चारी बांध फिरली. मधेच एकदा आंबिलीचा शिंतोडा थोरल्याच्या टोपीवर पडला, पण त्याला भान नव्हतं.

फेरी पुरी करून काका मंजुश्रीपुढे येऊन उभे राहिले. मिशीला डाळिंबाचा दाणा होता.

"त्या कव्हरवाल्याला न्हाई म्हनून सांगतो. गाळा तुझा. दुकानात हरभऱ्याची कवळी भाजी घालून कर हे, आंब असल्याली. पन माझी एक अट हाय." त्यांनी घाम पुसत येणाऱ्या धाकट्या भावाकडे अंगठा केला. "ह्याला दुकानाच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई."

मंजुश्रीनं बापाकडे पाहिलं. बाप रिकामं भगुणं छातीशी धरून उभा होता, डोळे मिचकावत. तिला त्याची भारी दया आली, माया आली, आणि पंधरा दिवसांच्या सगळ्या पहाटा आठवल्या.

"मंजूर," ती म्हणाली, आणि मग हसता हसता रडायला लागली.

"मलाबी मंजूर!" अप्पा घाईनं म्हणाले. ते इतके सुटल्यासारखे दिसत होते, की त्यांनी कुठलीही अट मानली असती. "मी भाईरनं पाळत ठेवीन. गल्लीच्या कोपऱ्यावरनं. जावईबापू आतली खबर देतील."

शिवकुमार नाही म्हणणार होता. अगदी ओठावर आलं होतं.

तेवढ्यात महानंदाबाईंनी पदर सावरला आणि थोरल्या दिराला अदबीनं विचारलं, "भावजी, तेवढी ती अट आमच्या घरालाबी लावता यील का?"

बसवंतकाका तोवर पुन्हा हरभऱ्याकडे वळले होते. त्यांचं तोंड भरलेलं होतं.